थेंबाचा हिशेब

इचलकरंजीतील आमच्या मिल स्टोअरच्या दुकानात उजव्या हाताच्या खालच्या फळीवर तेलाचे कॅन मांडलेले असतात. पसरट बूड, वर निमुळते होत गेलेले पत्र्याचे अंग आणि त्यातून निघालेली बगळ्याच्या चोचीसारखी लांब नळी, एवढेच त्याचे रूप. आजोबांनी दुकान मांडले तेव्हा हे कॅन त्या फळीवर होते आणि आजही तेथेच आहेत. मधल्या काळात दुकानातील बहुतेक माल बदलला. चामड्याचे पट्टे गेले, लाकडी धोट्यांचा खप उतरला, गिऱ्हाइके सुट्या भागाचे छायाचित्र मोबाइलवर दाखवून वस्तू मागू लागली. तेलाच्या कॅनचे रूप मात्र होते तसेच राहिले. त्याला ना कंपनीची जाहिरात, ना सुटीचा सेल. तरीही महिन्याकाठी काही नग जातातच.

इतकी क्षुल्लक वस्तू लेखाचा विषय कशी व्हावी, असे कोणी विचारील. तीन वर्षांपूर्वी मलाही तसेच वाटले असते. परंतु त्या वर्षी आमच्या घरात या कॅनवरून एक व्यवहार घडला आणि त्याचा खर्च वहीत लिहावा लागला. त्यातून जे शिकलो ते आपल्या व्यापारी कुटुंबांच्या उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हे लिहीत आहे.

वहीतील बचत

दुकानाच्या मागे आमचा चोवीस मागांचा लहानसा कारखाना आहे. साधे, जुन्या बांधणीचे यंत्रमाग. पाळी सुरू होण्यापूर्वी सुमारे अर्धा तास सर्व माग बंद ठेवून तेल घालायचे, ही वडिलांनी घालून दिलेली शिस्त. वडिलांना घरीदारी सगळे अण्णा म्हणतात. तेल घालण्याचे काम एका वृद्ध कामगाराकडे होते. त्यांना सगळा कारखाना मामा म्हणे. हातात दोन कॅन, खांद्यावर फडके, अशा थाटात मामा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात आणि त्यांची फेरी पुरी झाल्याखेरीज बटण दाबण्याची कोणाची छाती नसे.

थोरल्या बंधूंचा मुलगा अभियांत्रिकीची पदवी घेऊन आला आणि त्याने कारखान्याची जबाबदारी उचलली. मुलगा हुशार, कष्टाळू आणि हिशेबाला पक्का. त्याने पहिल्याच महिन्यात मांडणी केली, की चोवीस माग रोज अर्धा तास बंद म्हणजे रोज बारा तासांचे उत्पादन बुडते. शिवाय मामांचा पगार वेगळा. त्याऐवजी फवाऱ्याचे डबे आणले, तर प्रत्येक विणकर आपापल्या मागावर दोन मिनिटांत फवारा मारून मोकळा होईल. हिशेबात खोट काढण्यासारखे काही नव्हते. मामांना फोल्डिंगच्या टेबलावर कापड घड्या घालण्यास बसविण्यात आले. कॅन पोत्यात भरून मोडीत देण्यासाठी कोपऱ्यात ठेवले गेले.

अण्णांनी विरोध केला नाही. ते एवढेच म्हणाले, "बाळ, तासाचा हिशेब तू बरोबर मांडलास. थेंबाचाही मांडून बघ." त्या वेळी आम्हा कोणालाच त्या वाक्याचा अर्थ लागला नाही.

दोन महिने काहीच झाले नाही. उलट उत्पादन वाढले आणि पुतण्याचे घरात कौतुक झाले. तिसऱ्या महिन्यात फोल्डिंगच्या टेबलावर कापडात करड्या-काळ्या रेघा दिसू लागल्या. आधी एका मागाच्या, मग चार मागांच्या. झिजलेल्या धातूची बारीक पूड तेलकट ओलाव्यात मिसळून कापडावर उतरत होती. त्यानंतर एका दुपारी एका मागाचा क्रँक शाफ्ट बुशमध्ये जाम झाला. तो उघडून पाहिला तर बुश कोरडा ठणठणीत आणि शाफ्टवर नखाला लागतील अशा खाचा. आठवडाभरात आणखी दोन माग बसले. दरम्यान गेलेल्या मालातील काही तागे व्यापाऱ्याने डागी म्हणून परत पाठविले. त्या व्यापाऱ्याशी आमचा वर्षानुवर्षांचा व्यवहार होता. त्याने भांडण केले नाही, फक्त पुढची मागणी निम्म्यावर आणली. बुशाचा आणि शाफ्टचा खर्च भरून काढता येतो. बाजारातील शब्द एकदा निम्म्यावर आला की तो पुन्हा पुरा व्हायला वेळ लागतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

चूक कोठे झाली?

फवाऱ्याचा डबा वाईट नव्हता. तो ज्या कामासाठी बनला होता, ते काम आमच्या मागाचे नव्हते, इतकेच. गंजलेला नट सोडविणे, ओल हटविणे, अवघड जागी पोहोचणे यासाठी असे फवारे उत्तम. त्यातील मोठा भाग उडून जाणाऱ्या पातळ द्रवाचा असतो. तो आत शिरतो, जुने चिकट तेल विरघळवून धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो. मागे राहतो तो अगदी पातळ थर. हलक्या बिजागरीला तो पुरतो. वजन पेलत दिवसभर फिरणाऱ्या शाफ्टला तो पुरत नाही. म्हणजे आम्ही रोज फवारा मारून बुशात मुरलेले तेल धुऊन टाकीत होतो आणि तेल घातल्याचे समाधान मानीत होतो.

मागाचा वेग डोळ्यांसमोर आणला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. साध्या मागात धोट्याच्या प्रत्येक फेकीला क्रँक शाफ्ट एक फेरा घेतो. मिनिटाला १२० फेकी धरल्या तरी बारा तासांच्या पाळीत त्या शाफ्टचे ८६,४०० फेरे होतात. एवढ्या घर्षणात धातू आणि धातू यांच्यामध्ये उभे राहायचे असते ते तेलाच्या एका पापुद्र्याने.

हा पापुद्रा काय करतो याचा शोध कसा लागला, ती हकिकत सांगण्याजोगी आहे. इंग्लंडमध्ये १८८०च्या दशकात बोशँप टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या धुऱ्यांच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. यंत्र फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर उसळू लागले. त्यांनी भोकात बूच मारले, तर तेही बाहेर फेकले गेले. फिरणारा धुरा स्वतःच तेल ओढून घेतो आणि त्या दाबावर जणू तरंगतो, हे त्यांच्या लक्षात आले. १८८६ मध्ये ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी त्यामागचे गणित मांडले. तेलाचा पिंपभर साठा नव्हे, तर योग्य जाडीचा थोडा पापुद्रा योग्य जागी असणे हेच यंत्राचे रक्षण, हा त्याचा व्यवहारातील अर्थ. पुढे १९६६ मध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने ब्रिटिश सरकारला अहवाल दिला. घर्षण, झीज आणि वंगण यांकडे नीट लक्ष दिले तर देशाचे वर्षाला सुमारे ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील, असा अंदाज त्यात होता. अण्णांनी हा अहवाल वाचला नव्हता. थेंबाचा हिशेब मात्र त्यांना ठाऊक होता.

बुडाच्या पत्र्यातली करामत

तेलाचा कॅन जो थेंब देतो, तो कसा देतो हे पाहिले म्हणजे या साध्या पात्राविषयी आदर वाटू लागतो. त्याचे बूड लवचिक पत्र्याचे आणि किंचित फुगीर असते. अंगठ्याने दाबले की ते टक् असा आवाज करून आत जाते. आतील जागा तेवढी कमी होते आणि तेवढेच तेल नळीच्या टोकातून बाहेर येते. अंगठा सोडला की बूड पुन्हा टक् करून मूळ जागी येते आणि टोकाशी लोंबणारा थेंब हवेबरोबर आत ओढला जातो. म्हणून चांगला कॅन टपकत नाही. पत्रा असा एका बाजूने दुसऱ्या बाजूला उडी मारतो, या दोषाला इंग्रजी जाणणारे अभियंते आजही तेलाच्या कॅनचेच नाव देतात. इमारतीच्या छपरावर जो दोष, तोच या पात्रात गुण झाला आहे.

कॅन उलटा धरला तरी तेल भळभळा का सांडत नाही, हेही समजण्यासारखे आहे. नळीचे तोंड इतके बारीक असते की तेथे तेल आणि हवा यांना एकाच वेळी ये-जा करता येत नाही. बाहेरची हवा आत गेल्याशिवाय आतले तेल बाहेर येऊ शकत नाही. लहान मूल सरबताच्या नळीच्या वरच्या टोकावर बोट ठेवून नळीतले सरबत अडवून धरते, त्याच तत्त्वावर हे चालते. दाबण्याचा जोर बदलून एक थेंब, दोन थेंब किंवा बारीक धार, असे जे हवे ते मिळते. यात बॅटरी नाही, वायू नाही, फेकून द्यायचा डबा नाही. तेल संपले की पुन्हा भरायचे.

दुसरा प्रकार पंपाचा. त्यात मुठीशी एक खटका असतो. तो ओढला की आतील लहान दट्ट्या तेल वर चढवितो आणि एक गोळी तेलाला परत जाऊ देत नाही. घट्ट तेलासाठी किंवा उंचावरील जागेसाठी हा प्रकार सोयीचा. लेथसारख्या यंत्रांवर जेथे स्प्रिंगवर बसविलेली पोलादी गोळी तेलाच्या भोकाचे झाकण झालेली असते, तेथे या कॅनचे टोक त्या गोळीवर दाबून धरायचे आणि खटका ओढायचा. तेल आत जाते. टोक काढताच गोळी वर येऊन भोक बंद करते आणि धूळ आत जात नाही.

यंत्राने स्वतःच तेल घ्यावे, ही कल्पनाही काही आजची नाही. एलायजा मॅकॉय यांचा जन्म १८४४ चा, कॅनडातील. त्यांचे आईवडील अमेरिकेतील गुलामगिरीतून निसटून आलेले. मुलाने स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे यंत्रविद्येचे शिक्षण घेतले. परंतु अमेरिकेत परतल्यावर कातडीच्या रंगामुळे त्यांना अभियंत्याचे काम मिळाले नाही. मिशिगन सेंट्रल रेल्वेत कोळसा घालणे आणि इंजिनाला तेल घालणे हेच त्यांच्या वाट्याला आले. त्या काळी तेल घालण्यासाठी गाडी थांबवावी लागे. हातात कॅन घेऊन ते काम रोज करणाऱ्या या माणसाने १८७२ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी आपोआप तेल देणाऱ्या साधनाचे पेटंट मिळविले. त्याला आता दीडशे वर्षे उलटली. आपोआप तेल देणारी साधने पुष्कळ सुधारली, तरीही वाफेच्या इंजिनाच्या ड्रायव्हरच्या हातातला लांब चोचीचा कॅन वाफेचे युग संपेपर्यंत सुटला नाही. कारण सगळ्याच सांध्यांपर्यंत नळ्या नेता येत नाहीत, आणि जेथे नेता येतात तेथेही नळी तुंबली आहे की नाही हे पाहायला माणूस लागतोच.

झाकलेले भांडे आणि श्रावकाचा विवेक

आता थोडे आपल्या घरचे. आपल्याकडे तेल, तूप, पाणी यांची भांडी उघडी ठेवू नयेत, असे लहानपणापासून शिकवितात. उघड्या तेलात मुंगी, माशी, पाखरू पडते आणि आपण काही न करताही आपल्या हातून जीव जातो. उघडी भांडी ठेवण्यासारख्या निष्काळजीपणाला शास्त्रकारांनी प्रमादचर्या म्हटले आहे. अनर्थदंड म्हणजे प्रयोजनावाचून घडणारे पाप, आणि प्रमादचर्या हा त्याचाच एक प्रकार. गृहस्थाच्या उद्योगात काही हिंसा अटळ असते. तिला आपल्याकडे उद्योगी हिंसा म्हणतात आणि तिच्यापासून पूर्ण सुटका मुनींनाच शक्य आहे. परंतु जी टाळता येते ती न टाळणे, हा उद्योगाचा नव्हे तर आळसाचा दोष.

स्वयंपाकघरात हे पाळणारे आपण, कारखान्यात मात्र तेलाचा उघडा डबा आणि त्यात बुडविलेला ब्रश किती सहज चालवून घेतो! पावसाळ्यात दिव्याखाली असा डबा ठेवला तर सकाळी त्यात काय तरंगत असते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे. जमिनीवर सांडलेल्या तेलात मुंग्यांच्या रांगाच्या रांगा अडकतात. त्याच तेलावरून कामगाराचा पाय घसरतो, आणि तेच तेल पावसाच्या पाण्याबरोबर मातीत, गटारात, पुढे पंचगंगेत जाते. बारीक तोंडाचा बंद कॅन या सर्व गोष्टी न बोलता टाळतो. मुनींच्या पाच समितींत आदान-निक्षेपण समिती आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना जपणे, हा तिचा आशय. आपण मुनी नाही. पण तेलाचा थेंब ठेवतानाही जपता येते, एवढा बोध गृहस्थाला घेता येतो.

याच अनुषंगाने एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. खनिज तेलाचा उद्योग १८५९ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात निघालेल्या विहिरीनंतर फोफावला. तोपर्यंत पाश्चात्य कारखान्यांतील वंगण म्हणजे बहुतांशी प्राण्यांची चरबी आणि देवमाशाचे तेल. सूतगिरणीच्या नाजूक चात्यांसाठी तर देवमाशाचे तेल विशेष नावाजलेले. आपल्याकडे मात्र गाडीच्या आसाला एरंडेल घालण्याची चाल होती. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लिथियम ग्रीसमध्ये जो मुख्य घटक लागतो, तोही बहुधा एरंडेलापासूनच तयार करतात. आपल्या कित्येक पेढ्या एरंडीच्या व्यापारात आहेत. त्यांना आपला माल कोठवर पोहोचतो याचे कौतुक वाटेल. ग्रीस घेताना त्यात प्राणिज चरबी आहे का, हे विक्रेत्याला विचारण्यासही हरकत नाही.

कोणते तेल, किती आणि कसे

अनुभवाने ठरलेल्या काही गोष्टी येथे देतो.

कॅन घेताना बूड दोन-चार वेळा दाबून पाहावे. टक् असा स्वच्छ आवाज यावा आणि बूड तत्काळ परत यावे. जोडाला आणि नळीच्या आट्यांना पाणी भरून गळती तपासावी, मग तो पुरता वाळवून तेल भरावे. पाण्याचा अंश राहिला तर आतून गंज धरतो. कॅन काठोकाठ भरू नये, दोन तृतीयांश पुरे. तेल स्वच्छ मलमलीतून गाळून भरावे, कारण एका बारीक कणाने नळीचे तोंड बंद होते आणि तोच कण बुशात गेला तर कानसाचे काम करतो. प्रत्येक तेलाला स्वतंत्र कॅन ठेवावा आणि त्यावर रंगाने ओळखीची खूण करावी. नळीच्या टोकाला टोपण असावे आणि कॅनखाली थाळी.

स्वयंपाकाचे तेल यंत्राला कधीही घालू नये. शेंगदाण्याचे किंवा सरकीचे तेल हवेने चिकट होत जाते आणि शेवटी डिंकासारखे बसते. खोबरेल तर थंडीत गोठतेच. शिलाई यंत्रासाठी मिळणारे पातळ, पाण्यासारखे स्वच्छ खनिज तेलच त्या यंत्राला घालावे. घरात आई किंवा सासूबाई यांचे जुने शिलाई यंत्र अडखळत असेल, तर बहुधा ते बिघडलेले नसते, तहानलेले असते. सुईखालचा दोऱ्याचा गुंता आणि लव ब्रशाने काढावी, तेलाच्या प्रत्येक भोकात एक-एक थेंब सोडावा, चाक हाताने फिरवावे आणि प्रथम चिंधीवर शिवून जास्तीचे तेल निघून जाऊ द्यावे. मगच चांगले कापड घ्यावे.

जास्त तेल हेही कमी तेलाइतकेच वाईट. मागावर धोट्याला टोला देणारा पिकर ज्या लोखंडी गजावरून सरकतो, त्या गजावर तेल जास्त झाले तर ते धोट्यावर आणि तेथून कापडाच्या काठावर उडते. पट्ट्यावर तेल पडले तर तो घसरतो. मोटारीच्या गुंडाळीत गेले तर ती खराब होते. तेलाने माखलेला कापसाचा फुफाटा पेट घेण्यास एक ठिणगी पुरे. म्हणून मामा म्हणत, तेल घालण्याचे काम निम्मे आणि पुसण्याचे निम्मे.

चालत्या यंत्राला तेल घालण्याची घाई तर कोणीही करू नये. कारखाने अधिनियम, १९४८ मधील २२ व्या कलमाने चालू यंत्राजवळचे असे काम केवळ खास शिकविलेल्या, अंगाबरोबर कपडे घातलेल्या प्रौढ कामगारानेच करावे, असे बंधन घातले होते. स्त्रिया आणि अल्पवयीन यांना ते मना होते. सैल बाही, उपरणे, पदर, ओढणी यांनी किती हात गेले आहेत हे जुन्या कारखानदारांना विचारावे. आपल्या लहान कारखान्यात तर यंत्र बंद करूनच तेल घालावे. पुतण्याने वाचविलेला अर्धा तास हाच होता.

शेवटी तेलाचा हिशेब. चोवीस माग, प्रत्येकी वीस जागा, प्रत्येक जागी दोन थेंब धरले तर ९६० थेंब होतात. पंचवीस थेंबांचा एक मिलिलिटर मानला, तर साऱ्या कारखान्याला एका वेळेस चाळीस मिलिलिटरपेक्षा कमी तेल लागते. चहाचा लहान कपही पुरा भरत नाही. उघड्या डब्यातून ब्रशाने घातले तर याच्या कितीतरी पट तेल जाते, आणि त्यातले बरेचसे जमिनीवर.

मामा परत आले

तीन माग बसल्यानंतरच्या रविवारी पुतण्या कोणालाही न सांगता मामांच्या घरी गेला. "मामा, उद्यापासून तेलाला या," तो म्हणाला. मामांनी नोकरीविषयी, पगाराविषयी काही विचारले नाही. "येतो की, धाकलं मालक," ते म्हणाले, "पर क्यान हायेत का मोडीत घातलं?"

कॅन होते. पोते कोपऱ्यातच पडून होते, कारण अण्णांनी मोडवाल्याला दोनदा परत लावले होते. ही गोष्ट आम्हाला त्या दिवशी कळली.

त्यानंतर पुतण्याने जे केले ते मला अधिक मोलाचे वाटते. पंधरा दिवस तो मामांच्या मागून फडके घेऊन फिरला. तेव्हा त्याला दिसले, की मामा नुसते तेल घालीत नव्हते. थेंब सोडण्यापूर्वी ते बेअरिंगला हात लावून पाहत. बाकीच्यांपेक्षा एखादे गरम लागले, तर खडूने खूण करीत. सैल नट, चिरलेला पिकर, झिजलेला दात त्यांच्या नजरेतून सुटत नसे आणि पाळी सुरू होण्यापूर्वी जॉबरला निरोप जात असे. रोज अर्धा तास माग बंद राहत होते ते तेलासाठी आणि या तपासणीसाठी. फवाऱ्याने तेलाचे काम नीट केले असते, तरी ही तपासणी आमच्या हातून गेलीच असती. हिशेबाच्या वहीत तिला रकाना नव्हता, म्हणून ती खर्चात दिसली आणि लाभात दिसली नाही.

पुतण्याने आता तो रकाना आखला आहे. प्रत्येक मागाच्या तेलाच्या जागा लाल रंगाने रंगविल्या, त्यांचा तक्ता भिंतीवर लावला आणि मामांच्या खडूच्या खुणा रोज वहीत उतरू लागल्या. वेळही त्याने कमी केला. एका वेळी सर्व माग बंद न ठेवता सहा-सहा मागांची ओळ बंद ठेवायची, अशी रीत त्याने घातली. ती अण्णांनाही पसंत पडली. मामांच्या हाताखाली आता एक तरुण मुलगा आहे. फवाऱ्याचे दोन डबे अजून कपाटात आहेत आणि गंजलेला नट सोडविताना तेच बाहेर निघतात. परत गेलेल्या त्या व्यापाऱ्याची मागणी पूर्ववत व्हायला मात्र दीड वर्ष लागले.

नव्या पद्धतीचे बिनधोट्याचे माग ज्यांनी घेतले आहेत, त्यांच्याकडे तेलाची व्यवस्था यंत्रातच असते आणि तेथे निर्मात्याने सांगितले तसेच करावे. तेथे कॅनचा आग्रह धरणे हे वेडेपण. पण आपल्या लहान गावांतील कारखान्यांत, गिरण्यांत, कडबाकुट्टीवर, दुकानाच्या लोखंडी दारांवर आणि घरातील शिलाई यंत्रावर अजून असंख्य सांधे आहेत, ज्यांना माणसाच्या हातचाच थेंब मिळतो. त्यांच्यासाठी या साध्या पात्रापेक्षा सोयीचे साधन माझ्या दुकानात नाही, आणि हे मी त्याहून कितीतरी महाग साधने विकणारा दुकानदार म्हणून सांगत आहे.

दिवाळीपूर्वीची झाडलोट जवळ आली आहे. पेढीच्या किंवा कारखान्याच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला एखादा कॅन हाती लागेल. तो मोडीत टाकण्यापूर्वी एकदा त्याचे बूड अंगठ्याने दाबून पाहावे. टक् असा आवाज आला, तर त्याला गरम पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून, गाळलेले तेल भरावे आणि यंत्राजवळच्या खिळ्याला अडकवावे.